फोटोचाही ताळा जुळला पाहिजे

पत्राचा सारांश : पत्रलेखिका एक्केचाळीस वर्षांच्या असून सांगली जिल्ह्यात राहतात. एम.कॉम. झाल्यावर त्यांनी एका कारखान्याच्या हिशेब विभागात दहा वर्षे काम केले. २०१६ मध्ये सासऱ्यांच्या दीर्घ आजारपणामुळे त्यांना नोकरी सोडावी लागली. सासरे आता राहिले नाहीत, मुलगी नववीत आहे आणि बाईंनी मधल्या काळात टॅलीची उजळणी करून जीएसटीचा अभ्यासक्रमही पूर्ण केला आहे. पुण्यात किंवा घरून करता येईल अशी नोकरी मिळावी म्हणून त्यांनी लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉम या दोन्ही ठिकाणी खाते उघडले. परंतु फोटोच्या रिकाम्या वर्तुळापाशी त्या तीन आठवडे थांबून आहेत. त्यांच्याजवळ तीन फोटो आहेत. पहिला भाचीच्या लग्नातला, पैठणी आणि नथ घातलेला. दुसरा सकाळी गॅलरीत स्वतःच काढलेला सेल्फी, जो त्यांना स्वतःला सर्वांत आवडतो. तिसरा मुलीने एका कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपवर तयार केलेला. त्यात त्या निळ्या ब्लेझरमध्ये आहेत, वर्ण दोन छटांनी उजळला आहे आणि वय दहा वर्षांनी कमी झाले आहे. पुण्यातला भाऊ म्हणतो, हाच लाव, आणि खरा फोटो लावायचाच असेल तर टिकली आणि मंगळसूत्र तरी काढ. जाऊबाईंना लग्नातला फोटो पसंत आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की, बाईमाणसाने इंटरनेटवर फोटो टाकूच नये. त्या विचारतात : “या तिन्हींपैकी कोणत्या फोटोत मी नोकरीला योग्य दिसेन?”

सप्रेम नमस्कार.

एका फोटोसाठी तीन आठवडे अडून बसल्याबद्दल तुम्ही पत्रात दोनदा दिलगिरी व्यक्त केली आहे. तिची काही गरज नाही. तुमच्या खात्यावरील बाकीचा सर्व मजकूर तुम्ही एकटीने भरला, कारण बँक रिकन्सिलिएशन किंवा टीडीएसचे विवरणपत्र या विषयांवर घरात कुणाचे काही मत नव्हते. फोटो मात्र अशी गोष्ट आहे की तिच्यावर मत द्यायला कोणतेही शिक्षण लागत नाही. त्यामुळे तुमच्या निर्णयात एकाच वेळी चार माणसे शिरली आणि चौघांनीही आपापल्या परीने तुमचे भलेच चिंतले. तुम्ही अडलात त्याचे कारण हे आहे. तुमच्यात निर्णयशक्ती नाही, असे त्यावरून मुळीच ठरत नाही.

पत्र वाचताना मला आणखी एक गोष्ट जाणवली आणि ती थोडी स्पष्टपणे लिहिते. मराठीत नोकरीसाठी पाठवायच्या कागदालाही आपण बायोडेटा म्हणतो आणि लग्नासाठी पाठवायच्या कागदालाही बायोडेटाच म्हणतो. शब्द एक असल्यामुळे नजरही एकच होऊन बसते. उजळ दिसते का, वय कमी वाटते का, दागिने शोभतात का, चारचौघांत फोटो गेला तर लोक काय म्हणतील, हे सगळे प्रश्न स्थळ दाखवताना विचारले जाणारे प्रश्न आहेत. तुमच्या घरच्यांनी तिन्ही फोटो नकळत त्याच नजरेने पाहिले आणि हळूहळू तुम्हीही स्वतःकडे तसेच पाहू लागलात. “मी योग्य दिसेन का?” या तुमच्या वाक्यातला ‘दिसेन’ हा शब्द तेथूनच आला आहे. हिशेबनीस म्हणून तुम्ही योग्य आहात की नाही, हे कोणताही फोटो सांगू शकत नाही, आणि त्याने ते सांगावे अशी अपेक्षा ठेवल्यामुळेच तिन्ही फोटो अपुरे वाटतात.

मग फोटोचे काम काय? मी पुष्कळ वर्षे उमेदवार निवडण्याच्या कामात होते, त्या अनुभवावरून सांगते. यादीत शेकडो नावे असतात. नाव, त्याखालची ओळ आणि फोटो यांवरून नजर वेगाने खाली सरकते. प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग दिसला तरी माणसे त्याच्याबद्दल मत बनवून मोकळी होतात. अधिक वेळ दिला तर मत फारसे बदलत नाही, फक्त त्या मताबद्दलची खात्री वाढते. हे वाचून घाबरू नका. अशा मतामागे पुरावा काहीच नसतो, हे चांगल्या निवडकर्त्यालाही ठाऊक असते. फोटोने त्याच्या वाटेत खडा बनू नये, चेहरा स्पष्ट दिसावा, आणि पुढे व्हिडिओ कॉलवर किंवा प्रत्यक्ष भेटीत तुम्ही समोर आलात की “ह्याच त्या” असे त्याला सहज वाटावे, एवढेच फोटोचे काम आहे. तुमच्याच कामातला शब्द वापरायचा तर फोटोचा आणि माणसाचा ताळा जुळला पाहिजे. पासबुकातली नोंद आणि रोखवहीतली नोंद यांत फरक पडला की रक्कम कितीही आकर्षक असली तरी तुम्ही तेथेच थांबता. समोरचा माणूसही तसाच थांबतो.

म्हणूनच भावाने पसंत केलेला तिसरा फोटो मी आधी बाजूला ठेवते. कृत्रिम बुद्धिमत्तेला माझा सरसकट विरोध आहे असे नाही. खऱ्या फोटोच्या मागचा पसारा पुसणे किंवा उजेड थोडा वाढवणे यांत मला काही वावगे वाटत नाही, कारण तेवढ्याने माणूस बदलत नाही. तुमच्या त्या फोटोत मात्र माणूसच बदलला आहे. तुमच्या अंगावर कधी न आलेला ब्लेझर आहे, गालावरची रेषा गेली आहे आणि वर्णही तुमचा राहिलेला नाही. ज्या क्षेत्रात तुम्ही जाऊ पाहता तेथे व्हाउचरवर खाडाखोड चालत नाही. मुलाखतीत तुम्ही समोर आल्यावर पहिली काही मिनिटे समोरच्याच्या मनात फोटो आणि चेहरा यांची जुळवणी चालू राहील. मी असे घडताना एकदा पाहिले आहे. उमेदवार अनुभवी होते, पण त्यांच्या खात्यावर पंधरा-सोळा वर्षांपूर्वीचा, काळ्याभोर केसांचा फोटो होता. व्हिडिओ सुरू होताच आमच्यापैकी एकाने नकळत विचारले, “आपणच का?” ते गृहस्थ इतके ओशाळले की, पुढची चांगली उत्तरेही त्यांच्या तोंडून अडखळत आली. आम्ही त्यांना नाकारले नाही, पण जी मुलाखत त्यांना सहज गेली असती ती विनाकारण जड झाली.

या फोटोबद्दल आणखी एक बोलायचे आहे आणि ते नोकरीपुरते नाही. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ला आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला आणि त्याच सुमारास शादी डॉट कॉमने वर्णानुसार स्थळे शोधण्याची सोयही काढून टाकली. इतक्या वर्षांच्या ओरड्यानंतर जे दारातून बाहेर गेले, ते अशा ॲपमधून न मागता परत घरात येते. तुमच्या मुलीने हे प्रेमापोटी केले, याबद्दल मला शंका नाही. पण आईचा वर्ण उजळवल्यावर घरातल्या मोठ्यांनी “आता कशी छान दिसतेस” असे म्हटलेले तिने ऐकले आहे, आणि नववीतली मुलगी असे वाक्य मनातून सहज सोडून देत नाही. त्यामुळे तो फोटो नाकारताना तिच्यावर रागावू नका. मात्र का नाकारला, हे तिला जरूर सांगा. तो फोटो करण्यासाठी ॲपवर चढवलेले तुमचे मूळ फोटो तिच्याकडूनच काढून टाकून घ्या, आणि तेथे खाते उघडले असेल तर तेही बंद करायला सांगा.

लग्नातल्या फोटोबद्दल फार लिहीत नाही. तो सुंदर असेल, पण तो समारंभातला आहे. कापून घेतल्यावरही शेजारच्याचा खांदा आणि मांडवातले दिवे त्यात राहतात, आणि पाहणाऱ्याचे लक्ष चेहऱ्याआधी नथीकडे जाते. मात्र यावरून साडीच नको, असा निष्कर्ष काढू नका. २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्षा झालेल्या अरुंधती भट्टाचार्य देशातली सर्वांत मोठी बँक साडी नेसूनच चालवीत होत्या. साधी सुती साडी किंवा एका रंगाचा कुर्ता हा हिशेब विभागातला खरा पोशाख आहे. तुम्ही नोकरीच्या पहिल्या दिवशी जे घालून जाल तेच फोटोत घाला. ब्लेझर घालून जाणार असाल तर ब्लेझर घाला. मग तोही खरा ठरेल.

टिकली आणि मंगळसूत्राचे उत्तरही यातच आहे, तरी भावाच्या म्हणण्याकडे मला दुर्लक्ष करायचे नाही. विवाहित स्त्री दिसली की “घर कोण सांभाळणार?” हा प्रश्न मनात आणणारे मालक आजही आहेत, आणि तो त्यांचा दोष असला तरी त्याची झळ तुम्हाला बसते. पण ज्याच्या मनात तो प्रश्न आहे तो फोटोतली टिकली नसली तरी मुलाखतीत विचारणारच आहे. रोज टिकली लावत असाल आणि ती लावल्यावरच तुम्हाला आरशातली बाई ओळखीची वाटत असेल, तर ती राहू द्या. कामावर जाताना काढावी असे तुम्हाला स्वतःला वाटत असेल तर काढा. हा निर्णय भावाचा नाही आणि माझाही नाही.

आता तुमचा आवडता सेल्फी. तो तुम्हाला आवडतो याचे एक कारण असे असू शकते की, त्यात तुम्हाला रोजच्या आरशातली स्वतः दिसते. अमेरिकेत १९७७ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात स्त्रियांना स्वतःच्या फोटोची सरळ आणि आरशासारखी उलटी प्रत दाखवली, तेव्हा त्यांना उलटी अधिक आवडली, तर त्यांच्या निकटच्या माणसांना सरळ आवडली. ज्याला जो चेहरा रोज दिसतो तो त्याला प्रिय असतो. बऱ्याच फोनचा पुढचा कॅमेरा स्वतःचे चित्र आरशासारखेच दाखवतो. दुसरी अडचण अंतराची आहे. फोन हातभर अंतरावर असल्यामुळे चेहऱ्याचा जवळचा भाग मोठा होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणितानुसार, पाच फुटांवरून घेतलेल्या चित्राच्या तुलनेत बारा इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसते. तुम्ही पत्रात स्वतःच्या नाकाबद्दल एक वाक्य लिहून खोडले आहे. ते मला वाचता आले, म्हणून हा आकडा मुद्दाम दिला. त्या फोटोतला सकाळचा उजेड मात्र उत्तम असणार, आणि तो आपण टाकून द्यायचा नाही.

सासूबाईंचे म्हणणे जुन्या वळणाचे म्हणून उडवून लावू नका. फोटो मुळीच न लावणे हा खरोखरचा पर्याय आहे आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. इस्राएलमध्ये ब्रॅडली रफल आणि झेएव श्टुडिनर या अर्थशास्त्रज्ञांनी पाच हजारांहून अधिक अर्ज पाठवून पाहिले. देखण्या पुरुषांना फोटोचा फायदा झाला, पण स्त्रियांच्या बाबतीत फोटो न लावलेल्या अर्जांना फोटो लावलेल्यांपेक्षा जास्त बोलावणी आली, मग फोटोतली स्त्री देखणी असो वा साधी. म्हणून मी येथे एक भेद करते. ईमेलने पाठवायच्या अर्जावर, म्हणजे बायोडेटाच्या कागदावर, मागितल्याशिवाय फोटो लावू नका. तो डकवण्याची आपली सवय सरकारी फॉर्ममधून आली आहे. खासगी नोकरीत त्याची गरज नसते. (परदेशी अर्ज करणाऱ्या वाचकांनी तेथील रीत पाहावी : अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अर्जावर फोटो नको असतो, जर्मनीत २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तो मागण्याचे प्रमाण घटले तरी लावण्याची रीत बरीच टिकून आहे, आणि जपानच्या छापील अर्जावर त्यासाठी चौकटच आखलेली असते.) नोकरी डॉट कॉमवरही फोटोवाचून काही अडत नाही. लिंक्डइनचे तसे नाही. तेथे तुमचे जुने सहकारी, लेखापरीक्षकांच्या कार्यालयातली माणसे, अभ्यासक्रमातले सोबती तुम्हाला शोधतील, आणि एकाच नावाच्या दहा बायकांमधून तुम्हाला ओळखतील ते चेहऱ्यावरूनच. नऊ वर्षांच्या खंडानंतर येणाऱ्या व्यक्तीला पहिली नोकरी जाहिरातीपेक्षा ओळखीतून मिळण्याची शक्यता मला अधिक वाटते, म्हणून तेथे फोटो असावा, असे माझे मत आहे.

सासूबाईंच्या काळजीचे उत्तर लिंक्डइनच्या सेटिंगमध्ये आहे. तुमचा फोटो फक्त तुमच्याशी जोडलेल्या लोकांना दिसावा, लिंक्डइनच्या सर्व सदस्यांना दिसावा की इंटरनेटवर कुणालाही, हे तुम्हाला ठरवता येते. माझा सल्ला सर्व सदस्यांपर्यंतच ठेवण्याचा आहे. हाच फोटो व्हॉट्सॲपच्या डीपीला किंवा फेसबुकला लावू नका, म्हणजे एकावरून दुसरे खाते शोधणे अवघड जाईल. मागे घराचा क्रमांक, गाडीची पाटी किंवा मुलगी दिसू देऊ नका. नोकरी देतो म्हणून कुणी नोंदणीचे पैसे, पूर्णाकृती फोटो किंवा आधारची प्रत आधीच मागू लागला, तर संवाद तेथेच थांबवा. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. हे सगळे सासूबाईंना शेजारी बसवून दाखवा. त्यांच्या भीतीला तुम्ही व्यवस्थेने उत्तर दिले आहे, हे त्यांना दिसेल.

तेव्हा तिन्ही फोटो राहू द्या आणि चौथा काढा. स्टुडिओत जायचे असेल तर अवश्य जा; फक्त पासपोर्ट फोटो नको आहे आणि चेहरा उजळ किंवा गुळगुळीत करायचा नाही, हे आधीच बजावून सांगा. घरी काढायचा असेल तर तीच गॅलरी चांगली आहे. थेट ऊन नसावे आणि उजेड समोरून यावा. भिंत साधी असावी, आणि कपड्याचा रंग तिच्यात मिसळून जाणार नाही असा असावा. फोन दुसऱ्याच्या हातात, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, पाच फूट अंतरावर आणि मागच्या कॅमेऱ्याने. चष्मा वापरत असाल तर तो राहू द्या. काचेवर उजेड चमकत असेल तर मान किंचित खाली घ्या. चेहरा आणि खांदे एवढेच चौकटीत येऊ द्या, कारण लिंक्डइन त्याचे वर्तुळ करते आणि कोपरे कापले जातात. फोटो किमान ४०० बाय ४०० पिक्सेलचा लागतो. व्हॉट्सॲपवरून घेणार असाल तर तो डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो दबून पुसट होतो. आणि पाच-सहा काढून थांबू नका, तीस-चाळीस काढा.

त्यांतला कोणता लावायचा, हे तुम्ही ठरवू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, लोक स्वतःचे जे फोटो निवडतात त्यांपेक्षा अनोळखी माणसांनी त्यांच्यासाठी निवडलेले फोटो इतरांच्या मनावर अधिक चांगली छाप पाडतात. मग घरच्यांनीच निवडला तर काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. घरचे तुम्हाला फार जवळून ओळखतात; शिवाय ते कोणत्या नजरेने पाहतात, ते वर आलेच आहे. त्यापेक्षा पाच फोटो बाजूला काढा आणि अभ्यासक्रमातले शिक्षक, एखादी जुनी सहकारी आणि तुम्हाला न ओळखणारा एखादा दुकानदार अशा तिघांना दाखवा. “कोणता छान आहे?” असे विचारू नका. “यांपैकी कोणत्या बाईंकडे तुम्ही तुमच्या दुकानाचे हिशेब सोपवाल?” असे विचारा. तिघांपैकी दोघांनी जो सांगितला तो लावा आणि वर्षभर त्याकडे पुन्हा पाहू नका.

ज्यांच्या चेहऱ्यावर कोड, भाजल्याची खूण किंवा जन्मजात डाग आहे, अशा वाचकांची पत्रेही माझ्याकडे आली आहेत. त्यांना मी सांगते की, खूण पुसण्याचे ॲप वापरू नका आणि फोटो लावण्याची सक्तीही करून घेऊ नका. मनाची तयारी असेल तर सरळ, चांगल्या उजेडातला फोटो लावा. नसेल तर वर्तुळ रिकामे ठेवून कामाचा तपशील भक्कम लिहा. दोन्ही तितकेच प्रतिष्ठेचे आहे.

तुमच्या खात्यात मला फोटोपेक्षा त्याखालच्या ओळीची काळजी वाटते. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात तेथे फक्त ‘गृहिणी, नोकरीच्या शोधात’ असे आहे. तुम्ही २०१६ मध्ये बाहेर पडलात आणि जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. तुमचे वय पाहून नव्हे, तर हे वर्ष पाहून निवडकर्ता थबकेल : या बाईंनी व्हॅटच्या काळात काम केले आहे, जीएसटी येतो का? तो अभ्यासक्रम तुम्ही पूर्ण केला आहे, पण त्याचा उल्लेख पार तळाशी, शिक्षणाच्या रकान्यात आहे. तो वर आणा. ‘हिशेबनीस, दहा वर्षांचा अनुभव, टॅली व जीएसटी’ अशी ओळ लिहा. मधली नऊ वर्षे लपवू नका. लिंक्डइनने २०२२ पासून नोकरीतील खंड नोंदवण्याची वेगळी सोय दिली आहे, तेथे ‘कुटुंबातील रुग्णाची शुश्रूषा’ असे लिहून वर्षे घाला.

फोटो काढायला मुलीलाच सांगा. कृत्रिम चित्र करणाऱ्या हातालाच खरे चित्र काढू द्या. कॅमेऱ्याकडे पाहून हसण्याचा प्रयत्न करू नका, त्याने चेहरा आखडतो. त्याऐवजी खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरील तक्त्याशी, का पडताळून पाहाव्या लागतात आणि एखाद्या व्यापाऱ्याने बिल तेथे दाखवलेच नाही तर काय होते, हे तिला उभ्या उभ्या समजावून सांगत राहा. ती मधेच काहीतरी विचारील, तुम्ही उत्तर द्यायला मान वर कराल. तेव्हा तिने बटण दाबावे.